कुकर, दिवा आणि कल्चर

जून उजाडला की करमाडच्या कृषी सेवा केंद्रांत कपाशीच्या बियाण्याशेजारी ट्रायकोडर्मा, रायझोबियम, पीएसबीच्या पिशव्या आणि बाटल्या मांडल्या जातात. अलीकडे याच्या पुढची पायरी गाठणारे गटही दिसतात. एक पाकीट आणायचं, दोनशे लिटरच्या ड्रमात गूळ-बेसनाचं पाणी करायचं, पाकीट त्यात ओतायचं, काठीनं ढवळायचं आणि आठ दिवसांनी ठिबकमधून सोडायचं. हेतू चांगला आहे, पैसाही वाचतो. पण आठव्या दिवशी त्या ड्रमात नक्की काय आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. गुळाच्या पाण्यावर पोसणारे जिवाणू पाण्यात, गुळात, काठीला, हवेतल्या धुळीत आधीच हजर असतात. त्यांतले काही अर्ध्या तासात दुप्पट होतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, ती तिच्या चालीनं पसरते. ड्रम फसफसतो, आंबूस वास सुटतो आणि कल्चर तयार झालं असं आपण धरून चालतो. त्यात वाढलेलं बहुतेक दुसरंच काही असतं.

कुजलेल्या ओलसर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ढीग झाकून ठेवणं ही गोष्ट वेगळी. तिथे ढोबळपणा खपतो, कारण सेंद्रिय पदार्थावर इतरांशी झगडून टिकणं हा त्या बुरशीचा स्वभावच आहे. पण ज्यातून पुढची पाच-पंचवीस किलो भर काढायची, ते मूळ विरजण शुद्धच लागतं. विरजणात खोट असेल तर दही किती लिटरचं लावलं याला अर्थ उरत नाही. हा लेख त्या विरजणापुरता आहे: एखादी खोली, एक कुकर, एक स्पिरिटचा दिवा आणि काचसामान एवढ्यावर शुद्ध कल्चर कसं वाढवावं, कसं हाताळावं आणि बिघडलेलं कसं ओळखावं. बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र किंवा कृषी पदविका केलेली मुलं-मुली आता करमाड, लाडसावंगी पट्ट्यातल्या गावोगावी आहेत. गटानं त्यांतल्या एकाला तरी सोबत घ्यावं.

आधी माध्यम. ट्रायकोडर्मासाठी बटाट्याचं माध्यम सगळ्यांत सोपं. दोनशे ग्रॅम सोललेला बटाटा फोडी करून अर्धा लिटर पाण्यात मऊ होईपर्यंत उकळा, फडक्यातून गाळा, त्यात 20 ग्रॅम ग्लुकोज आणि 15 ते 20 ग्रॅम अगर घाला, पाणी घालून एक लिटर करा आणि अगर पूर्ण विरघळेपर्यंत तापवा. अगर म्हणजे समुद्री शेवाळातून निघणारा पदार्थ, किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो तोच. सरावासाठी दुकानातला चालेल, मात्र साखर-स्वाद घातलेला नको. प्रयोगशाळेत अगर आलं ते 1881 च्या सुमारास, फॅनी हेसे या बाईंच्या सुचवण्यावरून. त्यांचे पती वॉल्थर हेसे हे रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करत. तोवर जिलेटिन वापरत, ते उन्हाळ्यात वितळायचं. जर्मनीत वितळणारं जिलेटिन मराठवाड्यात काय टिकलं असतं? आणि आपल्याकडे अगरचीही परीक्षा होते. ते घट्ट व्हायला तापमान साधारण 32 ते 40 अंशांपर्यंत उतरावं लागतं. मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत ओतलेल्या प्लेट तासभर लपलपत राहतात आणि तेवढ्यात धूळ बसते. उन्हाळ्यात हे काम पहाटेच करावं.

बाटली किंवा शंकूपात्र निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर माध्यम उतू जाऊन तोंडाला लावलेला कापसाचा बोळा भिजतो. भिजलेला बोळा गेलाच समजा, कारण त्या ओलीतूनच बुरशी आत उतरते. बोळ्याला मेडिकलमधला शुभ्र कापूस नको, तो पाणी पितो. सरकी काढलेला, न धुतलेला घरचा कापूस घ्या. त्याच्या तंतूवर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो ओलावा धरत नाही. प्रयोगशाळांना जो न शोषणारा कापूस विकत घ्यावा लागतो, तो मुळात हाच. कपाशीच्या पट्ट्यात राहण्याचा एवढा फायदा घ्यावा. बोळा घट्ट वळून इंचभर आत जाईल असा बसवा, वर कागद गुंडाळून दोऱ्यानं बांधा.

आता कुकर. नुसत्या उकळण्यानं निर्जंतुकीकरण होत नाही. बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात. त्यांना मारायला दाबाखालची वाफ लागते: चौरस इंचाला 15 पौंड दाब, 121 अंश तापमान, 15 मिनिटं. घरच्या वजनाच्या शिट्टीचा कुकर साधारण याच दाबाला शिट्टी देतो. यात तीन जागी चुका होतात. पहिली म्हणजे हवा. झाकण लावल्यावर लगेच शिट्टी ठेवली तर आतली हवा आतच अडकते, आणि हवा-वाफेचं मिश्रण त्या दाबाला तेवढं तापत नाही. वाफेची जोरदार धार चार-पाच मिनिटं सुटू द्या, मग शिट्टी ठेवा. दुसरी चूक वेळेची. मोजणी गॅस पेटवल्यापासून करायची नाही, पूर्ण दाब आल्यापासून करायची. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडा उंच आहे, इथे साधं पाणीही 98 अंशांच्या आसपास उकळतं. घरचा कुकर प्रयोगशाळेतल्या यंत्राइतका काटेकोरही नसतो. म्हणून 15 ऐवजी 20 ते 25 मिनिटं द्या. तिसरी चूक घाईची. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं माध्यम भसकन उकळून बोळ्यापर्यंत येतं. कुकर आपोआप निवू द्या. हा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही, हे घरात आधीच ठरवून टाका.

कुकर लहान पडत असेल तर जुनी युक्ती आहे. जॉन टिंडाल यांनी 1877 मध्ये ती दाखवली: रोज अर्धा ते एक तास वाफवायचं, असं सलग तीन दिवस. पहिल्या वाफेत जिवंत पेशी मरतात, बीजाणू वाचतात. रात्रीतून ते रुजतात आणि दुसऱ्या वाफेत सापडतात. राहिलेले तिसऱ्या दिवशी. पोषक माध्यमाला हे लागू पडतं, साध्या पाण्याला नाही, कारण पाण्यात बीजाणू रुजतच नाहीत. कुकर असेल तर या भानगडीत पडू नका.

काचेच्या प्लेट कागदात गुंडाळून कुकरमध्येच निर्जंतुक करता येतात. बाजारात मिळणाऱ्या वापरून टाकायच्या प्लास्टिक प्लेट निर्जंतुकच येतात. त्या कुकरमध्ये घातल्या तर वाकड्यातिकड्या होऊन बसतात. माध्यम हाताच्या पालथ्या बाजूला सोसवेल इतकं निवालं की ओता, एका प्लेटला 15 ते 20 मिलिलिटर. जास्त गरम ओतलं तर झाकणावर पाणी साचून थेंब खाली टपकतात आणि सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळतात. प्लेट घट्ट झाल्यावर उलटी ठेवायची, ती याचसाठी.

इथून पुढे खरं काम हाताचं. खोलीचं दार अर्धा तास आधी बंद करा, पंखा बंद, टेबल सत्तर टक्के स्पिरिटनं पुसा. शंभर टक्क्यांचं स्पिरिट जास्त जालीम असेल असं वाटतं, पण ते पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं पटकन गोठवून उडून जातं. आत शिरायला पाण्याची जोड लागते. टेबल आणि हात पूर्ण वाळल्याशिवाय दिवा पेटवू नका. उजेडात स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. हाताला सॅनिटायझर चोळून लगेच दिव्यापाशी बसणं म्हणजे भाजून घेणं. ओढणी, पदर, मोकळे केस बांधून घ्या.

दिव्याच्या ज्योतीभोवतीची हवा वर चढत असते, त्यामुळे धूळ खाली बसत नाही. ज्योतीपासून वीतभर अंतरात सगळं काम उरकायचं. नायक्रोमच्या तारेचा लूप उभा धरून पूर्ण लाल होईस्तोवर तापवा आणि दहा-पंधरा सेकंद निवू द्या. गरम लूप कल्चरला लावला की चुर्र आवाज येतो. त्या आवाजासरशी पेशी मेलेल्या असतात आणि बारीक तुषार हवेत उडालेले असतात. कल्चरच्या नळीचा बोळा उजव्या हाताच्या करंगळीत धरून काढायचा, टेबलावर ठेवायचा नाही. नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवा, लूपनं कणभर कल्चर घ्या, तोंड पुन्हा फिरवा, बोळा लावा. प्लेटचं झाकण पूर्ण उचलू नका, एका बाजूनं तिरकं करून लूप जाईल एवढंच. बोलणं बंद. सुरुवातीला हे सगळं अवघडल्यासारखं होतं, पण बोळा करंगळीत धरायची सवय लागली की अर्धी लढाई जिंकली.

क्षणभराचा निष्काळजीपणा काय करतो, याचं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. वाल्देमार हाफकिन 1896 मध्ये प्लेगची साथ सुरू असताना मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची पद्धत मोठी नामी होती. मांसाच्या सारावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवत. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, आणि त्या लोंबत्या धाग्यांवरूनच कल्चर शुद्ध असल्याची खूण पटे. 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली, तीच आजची हाफकिन संस्था. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ही लस टोचली गेली आणि एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वातानं दगावले. दोष प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. पुढे रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी पुरावे तपासून त्यांची बाजू मांडली: गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीच्या बुचाला लावला गेला. 1907 मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतातच, आपल्या शेतातल्या मातीतही. म्हणून टेबलावर पडलेली, खाली पडलेली कोणतीही वस्तू पुन्हा ज्योतीतून गेल्याशिवाय बाटलीजवळ न्यायची नाही.

ट्रायकोडर्माचं मूळ कल्चर प्लेटच्या मध्यभागी लावलं की दुसऱ्या दिवसापासून पांढरी जाळी दिसते, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तिच्यावर हिरवी पूड धरू लागते. 25 ते 30 अंश तापमान तिला मानवतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोली त्याच्या वर जाते. तेव्हा थर्मोकोलच्या खोक्यात प्लेट ठेवून शेजारी गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवा. थंडीत त्याच खोक्यात झिरोचा बल्ब पुरतो. थर्मामीटर मात्र दोन्ही वेळी आत हवाच.

भर काढायला ज्वारी उत्तम. ज्वारी रात्रभर भिजवा, दाणा मऊ होईल पण फुटणार नाही इतपत उकडा, फडक्यावर पसरून वरचं पाणी वाळू द्या, पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत पाव-पाव किलो भरा, तोंडाला बोळा. साधी पॉलिथिनची पिशवी कुकरमध्ये वितळते. दाण्याच्या पोटात उष्णता पोहोचायला वेळ लागतो, म्हणून इथे एक ते दीड तास द्यावा आणि कुकरमधलं पाणी संपणार नाही याकडे लक्ष ठेवावं. निवल्यावर प्लेटमधल्या कल्चरचा लहान तुकडा आत टाका, तीन-चार दिवसांनी पिशवी बाहेरूनच हलवून दाणे मोकळे करा. दहा-बारा दिवसांत दाणे हिरवे होतात. काळी पूड दिसली, पिवळसर हिरवा रंग दिसला, दाणे चिकट होऊन दुर्गंधी आली, तर पिशवी न उघडता कुकरला लावा. धान्यावरच्या पिवळ्या-हिरव्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन बनवणारी अ‍ॅस्परजिलसही असते, ती हुंगून ओळखायच्या फंदात पडू नका. घरात कोणी धिंगरी आळंबी घेत असेल तर त्या खोलीजवळ ट्रायकोडर्मा वाढवू नका. आळंबीच्या पिशव्या नासवणारी हिरवी बुरशी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच असते.

रायझोबियमचा सराव करायचा तर मुगाइतका सोपा गुरू नाही. पेरणीनंतर महिनाभरानं, फुलोऱ्याच्या सुमारास रोप उपटू नका, मातीसकट खोदून काढा. उपटलं की मुळांवरच्या रायझोबियमच्या गाठी जमिनीतच राहतात. मुळं हळुवार धुवा आणि ठसठशीत गाठ निवडा. दुसरी एखादी गाठ नखानं फोडून पाहा: आत गुलाबी रंग असेल तर त्या झाडाच्या गाठी नत्र धरताहेत, हिरवट किंवा तपकिरी असेल तर दुसरं झाड शोधा. निवडलेली गाठ न फोडता, मुळाचा थोडा तुकडा तिला राहू देऊन कापा. सत्तर टक्के स्पिरिटमध्ये अर्धा मिनिट, मग निर्जंतुक पाण्यानं धुऊन निम्मं पाणी घातलेल्या घरगुती ब्लीचमध्ये दोन ते तीन मिनिटं, आणि त्यानंतर निर्जंतुक पाण्याच्या पाच-सहा धुण्या. मधली धुणी टाळू नका, स्पिरिट आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत. शेवटच्या धुण्याचं पाणी थेंबभर एका प्लेटवर पसरून ठेवा. त्या प्लेटवर काही उगवलं तर गाठीची बाहेरची बाजू स्वच्छ झालेली नव्हती आणि तिच्यातून निघालेल्या कल्चरवर विश्वास ठेवायचा नाही.

मग गाठ निर्जंतुक पाण्याच्या थेंबात काचदांडीनं चिरडा आणि तो दुधाळ थेंब यीस्ट अर्क-मॅनिटॉल माध्यमावर रेघा ओढून पसरवा. माध्यमात काँगो रेड हा रंग घातलेला असतो. रायझोबियम तो रंग सहसा शोषत नाही, त्याच्या वसाहती पांढुरक्या, चकचकीत, किंचित पाणीदार राहतात. उपटसुंभ जिवाणू लाल होतात. रेघा ओढायची पद्धत साधी आहे: प्लेटच्या एका कोपऱ्यात थेंब घासायचा, लूप जाळायचा, त्या रेघांना जेमतेम स्पर्श करून पुढच्या भागात ओढायचं, पुन्हा लूप जाळायचा, असं चार भागांत. शेवटच्या भागात जिवाणू इतके विरळ पडतात की एकेका पेशीपासून सुटी वसाहत उभी राहते. सुटी वसाहत मिळाली तरच कल्चर शुद्ध. मूग-तुरीचे रायझोबियम बहुधा सावकाश वाढणारे. दिसायला पाच ते सात दिवसही लागतात. दुसऱ्याच दिवशी भरघोस काही उगवलं तर आनंदू नका.

विकत आणलेलं पाकीट तपासायलाही हीच विद्या लागते. एक ग्रॅम नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळा, त्यातलं एक मिलिलिटर पुढच्या नऊमध्ये, अशा पाच नळ्या करा. पाचवी नळी लाखपट विरळ. तिच्यातलं 0.1 मिलिलिटर प्लेटवर पसरा. समजा 80 वसाहती आल्या, तर एका ग्रॅमला 80 गुणिले 10 लाख, म्हणजे 8 कोटी. भुकटीतल्या रायझोबियमला खत नियंत्रण आदेशानुसार ग्रॅममागे किमान 5 कोटी जिवंत पेशी लागतात, द्रवरूपाला मिलिलिटरमागे 10 कोटी. म्हणजे हे पाकीट पास. 30 पेक्षा कमी किंवा 300 पेक्षा जास्त वसाहतींची प्लेट मोजणीत धरायची नाही. उन्हात ठेवलेलं पाकीट या चाचणीत बहुधा उघडं पडतं, म्हणून पोत्यांच्या थप्पीतलं पाकीट घेताना तारखेबरोबर ते कुठे ठेवलं होतं हेही विचारा.

काही गोष्टी मात्र वाढवायच्याच नाहीत. जखमेतला पू, गटाराचं पाणी, नासलेलं अन्न, जनावराचं शेण-लघवी, कुतूहल म्हणूनसुद्धा नाही. प्लेट 37 अंशांना ठेवायची नाही; ते आपल्या शरीराचं तापमान आहे आणि तिथे माणसाला आजारी पाडणाऱ्यांचं फावतं. तोंडानं पिपेट ओढायचं नाही, रबरी फुगा वापरा. ज्या फ्रिजमध्ये दूध-भाजी आहे तिथे कल्चर ठेवायचं नाही. काम संपलेली प्रत्येक प्लेट, पिशवी, नळी आधी कुकरमध्ये, मगच उकिरड्यावर. दमेकरी आणि लहान मुलं या खोलीपासून लांब, कारण ट्रायकोडर्माची पूड श्वासाबरोबर आत जाते. पिशव्या फोडताना तोंडाला फडकं नाही, चांगला मास्क बांधा. आणि हे सगळं स्वतःच्या शेतापुरतं. ट्रायकोडर्मा विकायचा झाला की कीटकनाशक कायद्याखालची नोंदणी लागते.

मूळ कल्चर कोणाकडूनही घेऊ नका. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बायोमिक्ससारखी मिश्रणं तयार होतात, जवळची कृषी विज्ञान केंद्रंही रस्ता दाखवतात. ओळख पटलेला शुद्ध वाणच हवा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला सूक्ष्मजीव संग्रह आहे. बायोमिक्स हे अनेक जीवांचं मिश्रण आहे, त्यावरून शुद्ध कल्चर काढायला जाऊ नका, ते तसंच वापरायचं. शुद्ध कल्चरही एका प्लेटवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर असं वर्षभर ओढू नये. दर बदलीला त्याचा जोर कमी होण्याची आणि घुसखोराची शक्यता वाढते. प्रत्येक हंगामाला नवं आणावं आणि प्रत्येक नळीवर नाव व तारीख लिहावी.

कॉलेजच्या मुलांसाठी एक वेगळं कारणही आहे. शेंद्रा, चिकलठाणा, वाळूजच्या औषध आणि बिअरच्या कारखान्यांत सूक्ष्मजीव तपासणीच्या खोलीत रोज जे करतात ते हेच: माध्यम, निर्जंतुकीकरण, प्लेट, मोजणी, नोंद. मुलाखतीत व्याख्या सगळ्यांना येतात, बोळा करंगळीत धरता येणारे थोडे असतात.

सुरुवातीला कल्चर मात्र आणू नका. माध्यम करा, कुकर लावा, दहा प्लेट ओता. पाच तशाच झाकून ठेवा. उरलेल्या पाचांवर दिव्यापाशी बसून निर्जंतुक पाण्याचा लूप ओढा. सात दिवस दहाही कोऱ्या राहिल्या, तर तुमचा कुकर आणि तुमचा हात दोन्ही तयार आहेत. झाकलेल्या पाचांत काही उगवलं तर दोष कुकरचा किंवा ओतण्याचा. फक्त दुसऱ्या पाचांत उगवलं तर हाताचा. दोष काढा, पुन्हा दहा ओता. त्या कोऱ्या राहिल्या की मग परभणीची गाडी पकडा.